'बहारीनी' आणि 'बहारना' : एकच की वेगळे?

प्रश्न असा आहे : बहारीनमधल्या २०११च्या सरकारविरोधी आंदोलनाबद्दल वाचताना कुठे 'बहारीनी' दिसतं, कुठे 'बहारना'. ही एकाच शब्दाची दोन रूपं, की मुद्रितशोधकाची डुलकी?

डुलकी नाही. 'बहारीनी' (अरबी उच्चार 'बहरैनी') म्हणजे त्या देशाचा नागरिक, पंथ कोणताही असो. 'बहारना' म्हणजे तिथला जुना, अरबी बोलणारा शिया समाज, एकवचन 'बहरानी'. मराठी आणि मराठा यांतला फरक आपण न अडखळता पाळतो, तसंच हे.

मूळ एकच. 'बहर' म्हणजे समुद्र आणि 'बहरैन' म्हणजे दोन समुद्र (अरबीतही संस्कृतसारखं द्विवचन आहे). पूर्वी हे नाव बेटांपुरतं नव्हतं, समोरच्या, आज सौदीत असलेल्या कतीफ-अहसाच्या किनाऱ्यालाही होतं. तेराव्या शतकातले शिया विद्वान मैसम 'अल-बहरानी' म्हणूनच ओळखले जातात. बोलीही वेगळी : 'तीन'ला प्रमाण अरबीत 'थलाथा' म्हणतात, तर बहारनांच्या गावांत 'फलाफा' ऐकू येईल.

सत्ताधारी अल खलिफा घराणं मात्र सुन्नी. त्यांनी १७८३ मध्ये बेटं जिंकली आणि जिंकणाऱ्या अहमदना 'अल-फातिह' म्हणजे जेता ही पदवी चिकटली. १४ फेब्रुवारी २०११ पासून राजधानी मनामात मोती चौकाकडे लोक जमू लागले, त्यांत शिया बहुसंख्य. २१ तारखेला सरकारच्या बाजूचा, मुख्यतः सुन्नी जमाव भरला तो अल-फातिह मशिदीपाशी. जागा ऐसपैस म्हणून निवडली असेलही, पण बहरानी माणसाच्या कानाला ते नाव कसं लागलं असेल! मार्चमध्ये सौदीच्या पुढाकाराने शेजारी देशांचं सैन्य आलं, १८ मार्चला चौकातलं मोत्याचं स्मारक पाडलं गेलं आणि पुढे तिथल्या नव्या चौकाला नाव मिळालं 'अल-फारूक'. ही इस्लामचे दुसरे खलिफा उमर यांची पदवी, आणि शिया परंपरेत उमर यांच्याबद्दल फारसा जिव्हाळा नाही. हा योगायोग मला तरी पटत नाही.

तरीही 'बहारना' म्हणजे 'शिया' असं समीकरण मांडू नका. इराणी वंशाचे शिया वेगळे, त्यांना 'अजम' म्हणतात. सुन्नींमध्येही इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या अरबांना 'हुवला' हे निराळं नाव आहे.

आंदोलकांना सरसकट 'बहारना' म्हणणं तर साफ चूक. चौकातली घोषणाच होती, 'इख्वान सुन्ना व शिया, हाजल वतन मा नबीआ' : सुन्नी-शिया भाऊ भाऊ, हा देश आम्ही विकणार नाही. डाव्या 'वअद' पक्षाचे नेते इब्राहिम शरीफ यांना याच आंदोलनापायी पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि ते सुन्नी. त्यांच्यासाठी शब्द 'बहारीनी'च.