डोंगरावर चढलं की फोन लागायचा

प्रश्न : ताई, आमचं कला महाविद्यालय पुढच्या हिवाळ्यात एक रेसिडेन्सी आखतंय. देशातल्या आणि बाहेरच्या कलाकारांनी दहा दिवस धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या तळाबरोबर राहायचं, चालायचं, काम करायचं. मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलं होतंत की, २०२० साली तुमचं मंगोलियाला जाणं कोरोनामुळे हुकलं आणि ती रेसिडेन्सी तुम्ही घरूनच केलीत. फिरस्त्या लोकांची रेसिडेन्सी घरात बसून कशी होते? आणि पुन्हा तशी वेळ आली तर आम्ही काय करावं?
– एक कलाशिक्षक, सातारा जिल्हा

सर, पहिले आठ-दहा दिवस ती झालीच नाही, हे आधी सांगते.

ठरलं होतं असं की, ऑगस्टमध्ये आम्ही दहा जणांनी, पाच तिथले आणि पाच बाहेरचे, दुंदगोवी प्रांतात पशुपालकांच्या शेजारी तीन आठवडे गेरमध्ये राहायचं आणि त्यांच्याबरोबर नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड कापड, करायचा. गेर म्हणजे त्यांचं गोल घर. लाकडी जाळीची भिंत, मधे दोन खांब, माथ्यावर धुराड्याचं चाक, आणि वरून लोकरीचा जाड नमदा. दार दक्षिणेला. पण मंगोलियाने जानेवारीच्या अखेरीसच शाळा बंद केल्या, फेब्रुवारीत नववर्षाचे, त्सागान सारचे समारंभ रद्द केले, आणि मार्चपासून परदेशी माणसाला वाट उरली नाही. एवढी घाई कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. नोव्हेंबरपर्यंत तिथे देशातल्या देशात एकालाही लागण झाली नव्हती. आपल्याकडे तोवर काय झालं होतं ते तुम्ही पाहिलं आहेच.

म्हणजे तिथले पाच जण माळावर जाऊ शकत होते, आम्ही पाच नाही. आयोजकांनी मग रोज सकाळी स्क्रीनवर बैठक ठेवली. माळावर रेंज नाही, ती एक गोष्ट. दुसरी अशी की ज्या बाईंकडून आम्ही शिकायचं, त्या बसायच्याच नाहीत. उन्हाळ्यात घोडीची धार दिवसातून पाच-सहा वेळा काढावी लागते, त्या दुधाचा ऐराग आंबवायचा असतो. बैठक सुरू झाली की बाई उठलेल्या. मला फार अपराधी वाटायचं. आपण त्यांचा दिवस अडवतोय, बाकी काही करत नाही आहोत.

आयोजकांनी बैठका थांबवल्या, हा त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय. प्रत्येक बाहेरच्या कलाकाराला तिथला एक जोडीदार दिला. आमच्या विमानभाड्याचे वाचलेले पैसे त्या कुटुंबांना आणि तिथल्या कलाकारांना दिले. आणि बोलायचं ते व्हॉइस मेसेजवर, जमेल तेव्हा. माझी जोडीदारीण दोन-तीन दिवसांनी मेंढरांमागे डोंगरावर चढायची, तिथे फोन लागायचा आणि आठ-दहा निरोप एकदम माझ्याकडे यायचे. वारा, कुत्री, मधेच तिचा दम लागलेला. मोडकं इंग्रजी तिचंही, माझंही. मी ते हाताने काम करता करता ऐकायचे. बैठकीत जे कधीच कळलं नसतं, ते असं कळलं.

एक सांगते. नमदा करताना खाली जुना नमदा अंथरतात, त्याला ते आई म्हणतात. तिच्यावर लोकर पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळून बांधायचं आणि घोड्यामागे माळावर लोळवायचं. उलगडल्यावर जो नवा निघतो ती लेक. पुढे तीच कुणाची तरी आई होते. हे ऐकलं तेव्हा मी फलटण तालुक्यातल्या आमच्या अंगणात होते आणि माझ्याकडे आई नव्हती. आपली घोंगडी विणलेली. दाबून केलेला तो बुरणूस, आणि तो माझ्या माहितीत कुणाच्याच घरी उरला नव्हता. शेवटी जुनी घोंगडी अंथरली. शेजारच्या वाड्यावरची लोकर आणली. घेणारं कुणी नाही म्हणून ती बांधाला पडून होती. घोडा कुठला? मी, सासूबाई आणि दोन्ही मुलं, पायांनी दोन तास लोळवत होतो.

उलगडलं तर ठिकठिकाणी भोकं. आतला केस केसाला धरलाच नव्हता. फोटो पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं : ही मोठ्या मेंढराची लोकर का घेतलीस, कोकराची पहिली कुठंय? वाड्यावरच्या मामी तो निरोप ऐकून म्हणाल्या, "आगं, जावळ पायजे व्हतं." कोकराच्या पहिल्या लोकरीला आपले मेंढपाळ जावळच म्हणतात. मी जोडीदारणीला लिहिलं की आमच्याकडे बाळाच्या पहिल्या केसांनाही हाच शब्द आहे. ती म्हणाली, आमच्याकडेही मूल दोन-तीन वर्षांचं झालं की पाहुणे बोलावून केस उतरवतात. मामी आणि ती, दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण पुढचे आठ दिवस निरोप त्यांचेच चालले. मी मधे सांगणारी.

घरून केलेलं पुरेसं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या कुटुंबाने गवतासाठी मुक्काम हलवला. दोर सुटले, नमदे उतरले, काड्या, चाक, शेवटी जाळी मिटली. मला ते आवाजात मिळालं. मोकळी झालेली जमीन, तिच्यावरचं गवताचं पिवळं वर्तुळ, हे तिने शब्दांत सांगितलं. ते डोळ्यांनी बघायची हुरहूर आजही आहे.

आता तुमचं. पर्यायी आराखडा कराच, पण तो वाड्याला विचारून करा. त्या उन्हाळ्यात मामींचा वाडा कोकणातून परतत होता, तर गावोगाव वेशीवर काटे टाकलेले. बाहेरचे म्हणून त्यांना पाणीही भरू देईनात. साथीत वाड्यावर माणसं आणायची की नाही हे तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या. नको म्हणाले तरी ठरलेले पैसे द्या. वाड्याजवळच्या एखाद-दोन तरुण कलाकारांना आधीपासून बरोबर घ्या, तेच पुढे तुमचे डोळे. आणि तारीख ठरली की कातरणीच्या आधी मला कळवा, म्हणजे मामींना जावळ बाजूला काढून ठेवायला सांगते.