‘मी बाळाला शिळं तर खाऊ घालत नाही ना?’

खुर्चीत बसायच्या आधीच तिने पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. आत नारिंगी, हिरवे, पांढरे बर्फाचे खडे होते: गाजर, मटार, सफरचंद. डब्याच्या कडांना दव धरलं होतं. "ताई, हे बघून खरं सांगा. फ्रीजरमधलं म्हणजे शिळंच ना?"

बाळ सात महिन्यांचं. तिची रजा संपून तीन आठवडे झालेले. दिवसभर बाळ आजीजवळ, म्हणजे तिच्या सासूबाईंजवळ असायचं. बाळ छान खेळत होतं, वजनही वाढत होतं. पण सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "एवढ्याशा जिवाला शिळं कशाला?" आणि ते वाक्य तिच्या मनातून जाईना. कामावर असताना मध्येच डोळे भरून येतात, म्हणाली. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, म्हणून तिच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून लिहिते आहे.

मी लगेच हो-नाही केलं नाही. म्हटलं, परवा रात्री काय काय केलंस ते घड्याळ लावून सांग. तिने सांगितलं ते असं: आठला कुकर उतरवला, साडेआठला मिक्सरमधून काढलं. गरम गरम फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणून पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं. मग बाळाला झोपवलं, त्यात तिचाही डोळा लागला. साडेअकराला दचकून उठली आणि ट्रे भरून फ्रीजरमध्ये सरकवला.

"शिळं फ्रीजरमध्ये होत नाहीये गं," मी म्हटलं. "होतंय ते ओट्यावर."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये असतं तेव्हा त्यात जिवाणू भराभर वाढतात. काही तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. झाकण घातलेलं खोल पातेलं कोमट अवस्थेत तासन् तास राहतं. उणे १८ अंशांवर मात्र ही वाढ थांबते. थांबते, पण जिवाणू मरत नाहीत, हे आयांना मी मुद्दाम सांगते. आत गेलं तसंच बाहेर येतं. गोठवण्याआधी अन्न किती वेळ बाहेर होतं, हाच खरा प्रश्न. दोन तासांच्या वर नको, आणि घरात ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एका तासाच्या वर नको. भाताची पेज किंवा वाटलेला भात असेल तर तासाभरातच थंड करून आत ठेवावा. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि त्यांचं विष एकदा तयार झालं की परत उकळूनही जात नाही.

"मग गरमच ठेवू का आत?" तिने विचारलं. म्हटलं, पसरट ताटलीत काढ, ताटली गार पाण्याच्या परातीत ठेव, चमच्याने हलवत राहा. पंधरा-वीस मिनिटांत वाफ जाते. मग ट्रेमध्ये भरून झाकायचं, खडे घट्ट झाले की हवा काढलेल्या पिशवीत घालायचे आणि वर तारीख टाकायची. घड्याळाकडे बघ, रात्र झाली म्हणून घाई करू नकोस. झोप अनावर असेल त्या दिवशी करूच नकोस.

दुसरी गोष्ट बोलता बोलता निघाली. बाळाने अर्धी वाटी टाकली की ती फ्रीजमध्ये जायची आणि संध्याकाळी पुन्हा गरम व्हायची. अन्न वाया जाऊ नये ही तिची भावना मला कळत होती. पण बाळाच्या तोंडात गेलेला चमचा वाटीत परत बुडाला की लाळ आणि तोंडातले जिवाणू अन्नात उतरतात. ती वाटी ठेवायची नाही. त्यापेक्षा एकच खडा गरम करावा, संपला तर दुसरा. आणि गंमत अशी, की सासूबाई यावरूनही तिला बोलल्या होत्या, "उष्टं ठेवू नये." तिने ते टोमण्यासारखं घेतलं होतं. मी तिला स्पष्ट सांगितलं, यात त्या शंभर टक्के बरोबर आहेत.

पुढच्या वेळी मी दोघींना बोलावलं. सासूबाई आल्या त्या मनात काहीतरी घेऊनच. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी ते खडे देतच नव्हते. टाकून द्यायचे आणि सकाळी ताजं शिजवायचे." खोलीत शांतता पसरली. ती रोज रात्री जागून ट्रे भरत होती आणि आजी रोज सकाळी गुडघे दुखत असताना ओट्याशी उभ्या राहत होत्या. एकाच बाळासाठी दोघी, एकमेकींना न सांगता. मला तेव्हा कुणालाच समजवावंसं वाटलं नाही. पाणी दिलं आणि थांबले.

मग आजींनी विचारलं, "पण सत्त्व जातं ना?" रास्त शंका. काही जीवनसत्त्वं, विशेषतः क जीवनसत्त्व, शिजवतानाच पाण्यात उतरतं. म्हणून वाफवावं, किंवा थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी वाटताना घालावं. गोठवल्यावर पुढची घट फार मंद होते. लोह आणि प्रथिनं तर टिकतातच. ताजं शिजवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन दिवस ठेवलेलं आणि लगेच गोठवलेलं यांत मी गोठवलेलं निवडेन. खालच्या कप्प्यात, ४ अंश किंवा त्याखाली, मी एक-दोन दिवसच सांगते. फ्रीजरमध्ये भाज्या-फळं दोन-तीन महिने, अंडं किंवा मांस घातलेलं एक-दोन महिने.

खायला देतानाचं काम आजींचं होतं, म्हणून ते त्यांनाच सांगितलं. खडा आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली काढायचा, ओट्यावर नाही. सकाळी आतपर्यंत वाफा येतील इतका गरम करायचा, नीट ढवळायचा, कोमट झाला की मनगटावर थेंब टाकून बघायचा. मायक्रोवेव्हमध्ये कडेला चटका बसेल आणि मध्ये गार असं होतं, त्यामुळे ढवळणं चुकवायचं नाही. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. आजींनी मला दोनदा ते म्हणून दाखवलं. शेवटी दोघींचं ठरलं: आजींना बरं वाटेल त्या दिवशी ताजं, गुडघे बोलतील त्या दिवशी खडे.

तिचा अपराधी भाव दोन भेटींत गेला असं मी म्हणणार नाही. तो कामावर जाण्याचा होता, गाजराचा नव्हता, आणि त्यावर आम्ही पुढे बरंच बोललो. पण रात्रीची झोप परत आली.

महिन्याभराने आजींचाच फोन आला. "आज ट्रे मी भरतेय. मटाराची सालं राहिलीत, गाळून घेऊ का?" बाळ एव्हाना आठ महिन्यांचं झालं होतं. मी म्हटलं, आता गाळू नका, सालं बोटांनी काढा आणि मटार काट्याने मऊ चेचा. नऊ-दहा महिन्यांपर्यंत सगळं गुळगुळीतच मिळालं तर पुढे मुलं घास चावायला कुरकुरतात. म्हणून एकदम दोन महिन्यांचा साठाही करू नका, आठ-दहा दिवसांपुरतंच भरा. "बरं," त्या म्हणाल्या, "मग मिक्सर धुऊन ठेवते," आणि फोन ठेवला.