शिक्षा अधिक कठोर केल्याने गुन्हे कमी होतात का?

केवळ शिक्षा वाढवून गुन्हे फारसे कमी होत नाहीत; पकडले जाण्याच्या खात्रीचा धाक त्याहून अधिक असतो. बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच हे मांडले होते, आणि आधीच दीर्घ असलेली कैद आणखी लांबवल्याने वाढणारा धाक फार तर माफक असतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१४ च्या अहवालात काढला. अनेक गुन्हे आवेगात, नशेत किंवा आपण सापडणारच नाही या समजुतीने घडतात. तिथे कायद्यातील वर्षांचा हिशेब कोणी करत नाही. मात्र धाक हा शिक्षेचा एकमेव हेतू नसल्याने, कृत्याचे गांभीर्य किंवा समाजाची सुरक्षितता पाहून दीर्घ कैद योग्य ठरू शकते. पण तेव्हा तेच कारण उघडपणे सांगितले पाहिजे.