शेजाऱ्याला हरवल्याचे दोनच गुण

रग्बी लीगमधल्या डर्बीबद्दल, म्हणजे शेजारच्या क्लबांमधल्या सामन्यांबद्दल, आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळी उत्तरं उत्तर इंग्लंडमधल्या, तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगपुरती आहेत. पंधरा जणांची रग्बी युनियन हा वेगळा खेळ.

प्रश्न : मी शिक्षणासाठी हल शहरात राहते. इथे हल एफसी आणि हल केआर असे दोन क्लब आहेत. डर्बी जिंकली की जिंकलेल्या बाजूचे लोक चषक मिळाल्यासारखे वागतात. तक्त्यात तर दोनच गुण मिळतात. मग एवढं कशाचं?

गुण दोनच, हे बरोबर. सुपर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या श्रेणीत, शेजाऱ्याला हरवल्याचा जादा गुण नाही. पण हलमधला चाहता त्या रात्री तक्ता बघतच नसतो.

शहराच्या मधून हल नदी वाहते. पश्चिमेला एफसी, पूर्वेला केआर (पूर्ण नाव हल किंग्स्टन रोव्हर्स). पश्चिमेची वस्ती मासेमारीच्या गोदीभोवती वाढली, पूर्वेची मालवाहू गोद्यांभोवती. आज नदी ओलांडून राहणारे पुष्कळ आहेत, पण घराण्याचा क्लब सहसा बदलत नाही. एका कचेरीत, एका घरात दोन्ही रंग असतात. सामना शुक्रवारी संपतो, पण हरलेल्याला सोमवारी त्याच टेबलाशी बसायचं असतं. दुसऱ्या गावाच्या संघाकडून हरलात तर ही शिक्षा नाही.

शिवाय जुने हिशेब आहेत. १९८० साली चॅलेंज कपची (हरला की बाहेर, अशा चषकाची) अंतिम लढत लंडनच्या वेम्बली मैदानावर याच दोघांत झाली. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी ‘शेवटी निघणाऱ्याने दिवे बंद करावेत’ अशी पाटी लावली होती, ती अजून सांगितली जाते. केआर १०-५ ने जिंकलं. त्यांचा कर्णधार रॉजर मिलवर्ड सुरुवातीलाच जबडा मोडूनही खेळत राहिला. त्यानंतर कितीतरी वर्षं केआरवाले एफसीवाल्यांना एकच टोमणा मारत : वेम्बलीवर तुम्ही कधीच जिंकणार नाही. २०१६ मध्ये एफसीने वॉरिंग्टनला १२-१० हरवलं आणि तो टोमणा संपला. त्याच वर्षी केआर खालच्या श्रेणीत घसरलं, म्हणजे एका मोसमात दुहेरी उट्टं निघालं. आणि २०२५ मध्ये केआरने चॅलेंज कप, लीग लीडर्स शील्ड (तक्त्यात पहिलं येण्याची) आणि ग्रँड फायनल (विजेतेपदाची अंतिम लढत) असं तिन्ही घेतलं. तुमच्या कचेरीतला आरडाओरडा या खातेवहीतली एक नोंद आहे. बिचकू नका, पण कोण कुठल्या बाजूचा आहे ते चहाआधी विचारून घ्या.

प्रश्न : स्टँडमधून लोक रेफरीवर काहीबाही ओरडतात. ‘हाउ लाँग’, ‘गेट देम ऑनसाइड’, ‘फॉरवर्ड’. हे नियमाला धरून असतं का?

निम्मं असतं. आधी मूळ रचना लक्षात घ्या. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल, म्हणजे पकडून पाडलं जाण्याच्या सहा खेपा, मिळतात; मग चेंडू समोरच्यांचा. या सहांचा एक संच. खेळाडूला पाडलं, पकडलं की त्याने उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सारायचा. याला प्ले-द-बॉल म्हणतात. त्याच्यासमोर बचाव करणारे दोघं, मार्कर, उभे राहू शकतात. बाकी सगळ्यांनी दहा मीटर मागे जायचं.

‘हाउ लाँग’ म्हणजे पाडलेल्याच्या अंगावर बचावपटू फार वेळ पडून राहिला. इथे खरंच सामना फिरतो. प्ले-द-बॉल झटपट झाला तर बचावाची रांग अजून मागेच सरकत असते आणि मधून वाट मिळते. एक-दोन सेकंद खाल्ले की रांग लागते, मग पुढचा हल्ला भिंतीवर. म्हणून पकडणारा मुद्दाम हात अडकवून ठेवतो, आणि रेफरीला तसं वाटलं तर तो टॅकलची मोजणी पुन्हा शून्यावर नेतो. तेच ‘सिक्स अगेन’. कबड्डीतल्या पकडीशी ही पकड दिसायला जुळते, पण इथे पाडणं हा अर्धाच भाग, उठू न देणं हा दुसरा.

‘गेट देम ऑनसाइड’ म्हणजे ते दहा मीटर पाळायला लावा. ही तक्रार अनेकदा रास्त असते, फक्त बाजूच्या खुर्चीवरून ती नीट दिसत नाही.

‘फॉरवर्ड’ म्हणजे पास पुढे दिला, जे चालत नाही. ही ओरड बहुतेक वेळा चूक. पास पुढे गेला का हे चेंडू हातातून कुठल्या दिशेने सुटला यावर ठरतं, मैदानावर कुठे पोहोचला यावर नाही. जोरात धावणाऱ्याने मागे टाकलेला चेंडूही त्याच्या वेगामुळे मैदानावर पुढे सरकतो. डर्बीत हा फरक समजावून सांगायच्या फंदात पडू नका.

प्रश्न : आमचा संघ डर्बीत तीस गुणांनी जिंकला, लगेच सगळे विजेतेपदाची भाषा करू लागले. असा विजय किती खरा हे कसं ओळखायचं?

फरक बघू नका, कारण बघा. सगळ्यांत चांगली उदाहरणं विगन आणि सेंट हेलन्स या शेजारच्या गावांच्या वैरात आहेत.

१९९२ च्या बॉक्सिंग डेला सेंट हेलन्सने विगनला ४१-६ असं झोडपलं. मोसमाच्या शेवटी दोघांचे गुण सारखे झाले, गुणफरक मोजला गेला आणि लीग विगनने जिंकली. पस्तीस गुणांचा दणका पदरात असूनही.

दुसरं उदाहरण १९६६ च्या चॅलेंज कप अंतिम सामन्याचं. सेंट हेलन्स २१, विगन २, वेम्बलीवर ९८,५३६ प्रेक्षक. कागदावर एकतर्फी. पण विगनचा हुकर, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे खेळाडू डोकी खाली घालून भिडतात तेव्हा) पायाने चेंडू खेचणारा, निलंबित होता. तेव्हाच्या नियमानुसार पेनल्टीचा चेंडू कडेच्या रेषेबाहेर मारला की पुढे स्क्रम व्हायचा. सेंट हेलन्सच्या अॅलेक्स मर्फीने सरळ हिशेब केला : मुद्दाम ऑफसाइड राहायचं, पेनल्टी द्यायची, विगन चेंडू बाहेर मारील आणि स्क्रममध्ये तो आपल्याला मिळेल. पुढे नियम बदलला आणि पेनल्टी बाहेर मारणाऱ्या संघालाच चेंडू मिळू लागला.

आता तुमच्या सामन्याकडे या. पहिला आकडा बघा कम्प्लीशनचा, म्हणजे किती संच चेंडू न गमावता शेवटच्या किकपर्यंत किंवा ट्रायपर्यंत (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवेपर्यंत) नेले. ३८ पैकी ३० म्हणजे सुमारे ७९ टक्के, हे चांगलं. पण तुमचे ७० टक्क्यांच्या आसपास आणि समोरच्यांचे ६० असतील, तर तुम्ही जिंकला नाहीत, ते हरले. मग कार्डं बघा. पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बारा जण, आणि त्या दहा मिनिटांत झालेल्या दोन ट्राय रूपांतरासह (ट्रायनंतर खांबांमधून मारायच्या किकसह) बारा गुण असतात. ते वजा करून बघा काय उरतं. समोरच्यांचे दोन्ही हाफ, सूत्रं हलवणारे ते दोघं, खेळले होते का? शेवटच्या वीस मिनिटांत तुमच्या बचावाची रांग एकसाथ पुढे येत होती का? हे शेवटचं आकड्यांत सापडत नाही, पण मोसमाचा अंदाज यावरूनच येतो.

आणि डर्बीनंतरच्या सामन्यात पैज लावू नका. पूर्वी गुड फ्रायडेच्या डर्बीनंतर ईस्टर मंडेला पुन्हा उतरावं लागे, तेव्हा शुक्रवारचे वीर सोमवारी पाय ओढत असत. आता तशी घाई नसते, तरी ढिलाई येतेच.

प्रश्न : बरोबरी झाल्यावर गोल्डन पॉइंटमध्ये सगळे ड्रॉप गोलच का मारत राहतात? कंटाळवाणं वाटतं.

ड्रॉप गोल म्हणजे खेळ चालू असताना हातातून टाकलेला चेंडू लाथेने खांबांमधून मारणं. तो मारतात, कारण एक गुण पुरतो. सुपर लीगच्या नेहमीच्या सामन्यांत २०१९ मध्ये आलेला गोल्डन पॉइंटचा नियम असा : बरोबरी झाली तर पाच-पाच मिनिटांचे दोन भाग. जो आधी गुण मिळवेल तो जिंकला, कुणीच नाही तर एकेक गुण वाटून. ट्रायला चार आणि ड्रॉप गोलला एक असला तरी इथे दोन्हींची किंमत सारखी, मग सोपं ते करतात.

सोपं म्हणजे दिसायला. पहिल्या तीन-चार टॅकलमध्ये चेंडू खांबांसमोर मध्यावर आणायचा, किकर आठ-दहा मीटर मागे, पास थेट हातात, चेंडू जमिनीला टेकताक्षणी लाथ. पास गुडघ्याखाली आला की अर्धा सेकंद जातो आणि मार्कर अंगावर येतो. कडेला अडकलात तर कोन गेला. घाईत दुसऱ्याच टॅकलला लांबून मारला आणि चुकला, तर चेंडू समोरच्यांना आयता.

आणि चुकलेला ड्रॉप गोलही संपलेला नसतो. २०२० च्या ग्रँड फायनलला सेंट हेलन्स-विगन ४-४ असताना टॉमी मॅकिन्सनने अगदी शेवटी लांबून मारला. चेंडू खांबाला लागून परत आला, उसळला, आणि जॅक वेल्सबीने झेप घेऊन तो टेकवला. ८-४. कोविडमुळे हलचं ते मैदान रिकामं होतं. एवढ्या मोठ्या डर्बीच्या असल्या शेवटाला ओरडायला स्टँडमध्ये कुणीच नव्हतं, याची हळहळ सेंट हेलन्सवाल्यांना अजून आहे. विगनवाल्यांना नाही.

प्रश्न : पहिल्यांदाच डर्बीला जातोय. काय सांभाळू?

रंग सांभाळा. हलमध्ये काळा-पांढरा एफसीचा, लाल-पांढरा केआरचा. गोंधळ विगन-सेंट हेलन्सला होतो, कारण दोघंही लाल-पांढरे : विगनचे आडवे पट्टे, सेंट हेलन्सच्या पांढऱ्या शर्टावर लाल ‘व्ही’. कुठल्याच बाजूचे नसाल तर करडा, निळा काहीही घाला. एरवी या खेळात दोन्हीकडचे चाहते शेजारी बसतात, पण मोठ्या डर्बीला पाहुण्यांचा स्टँड वेगळा असतो. तिकीट कुठल्या बाजूचं आहे ते घेतानाच वाचा. गुड फ्रायडेला सामन्याची वेळ दुपारची असू शकते, तीही तपासा.

खेळ समजून घ्यायचा असेल तर खांबांमागची उंच जागा घ्या. तिथून बचावाची रांग आणि तिच्यातली भगदाडं सरळ दिसतात. मधल्या महागड्या जागेवरून फक्त चेंडू दिसतो.

प्रश्न : जिंकल्यावर समोरच्यांना किती चिडवावं?

स्कोअरवरून हवं तितकं, जखमी खेळाडूवरून मुळीच नाही. डोक्याला मार लागून तपासणीत नापास झालेल्याचा पुढच्या आठवड्याचा सामना हमखास हुकतो, आणि तो दोन्ही बाजूंना विनोद वाटत नाही. शिवाय सामन्यानंतर मॅच रिव्ह्यू पॅनेल चित्रफीत बघून आरोप ठेवतं, रेफरीच्या नजरेतून सुटलेल्या टॅकलवरही. शुक्रवारी ज्याच्या नावाने घोषणा दिल्या तोच पुढचे सामने बाहेर बसू शकतो. ती यादी येईपर्यंत थोडं चिडवणं शिल्लक ठेवा.