कॅनडातल्या बर्न्ट चर्च या मिकमॅक आदिवासींच्या वस्तीत १९९९ साली लॉबस्टरवरून संघर्ष का पेटला?

कारण न्यायालयाने हक्क मान्य केला, पण तो कधी नि किती वापरायचा हे मोकळंच राहिलं. मिकमॅक समाजातल्या डोनाल्ड मार्शल ज्युनियर यांनी परवान्याशिवाय ४६३ पौंड ईल मासे पकडून ७८७.१० डॉलरना विकले होते. १७ सप्टेंबर १९९९ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिशांशी झालेल्या १७६०-६१च्या तहांच्या आधारे त्यांना निर्दोष ठरवलं: मासेमारीतून माफक उपजीविका हा मिकमॅकांचा हक्क. मिरामिची उपसागराकाठच्या बर्न्ट चर्चमध्ये लगेच लॉबस्टरचे सापळे पडले. इतर मच्छीमारांचा हंगाम मे-जूनचा; साठा संपेल म्हणत त्यांनी ३ ऑक्टोबरला सुमारे १५० बोटी आणून ते सापळे उद्ध्वस्त केले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने खुलासा केला: संवर्धनासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण त्यांची गरज सरकारनेच सिद्ध करायची. हा उत्तरार्ध लोक सर्रास गाळतात.