गडही पाहावा, शिवारही पाहावे: उन्हाळी सहलींविषयी वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपून शाळांचे निकाल लागले की मुलांना सुट्टीत कुठे न्यावे, हे विचारणारी पत्रे येऊ लागतात. यंदा बऱ्याच वाचकांनी एखादा किल्ला आणि शेतावरचा मुक्काम या दोन्ही गोष्टी एकाच सहलीत जमतील का, असे विचारले आहे. त्या जमतात आणि माझ्या मते त्या शक्यतो एकत्रच पाहाव्यात, कारण गडावरचे अंबारखाने, म्हणजे धान्याची कोठारे, ज्या धान्याने भरत ते आसपासच्या शिवारातूनच वर जात असे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. मुलगी सात वर्षांची आणि मुलगा अकरा वर्षांचा आहे. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात, पण त्यांना मागे ठेवून जाण्याची आमची इच्छा नाही. मे महिन्यात तीन दिवसांसाठी सर्वांना झेपेल असा किल्ला सुचवाल का?

उत्तर : आपण पन्हाळ्याला जावे. कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या या गडावर गाडी थेट वरपर्यंत जाते, गडावर वस्ती आहे, राहण्याजेवण्याची सोय आहे आणि बहुतेक वास्तूंच्या जवळपर्यंत रस्ता पोहोचतो. सासूबाईंना तीन दरवाजा आणि अंबारखाना निवांत पाहता येईल. अंधारबाव त्यांनी बाहेरूनच पाहावी, कारण तिन्ही मजले उतरून तळाच्या पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत. मुलांना मात्र तेथे जरूर न्यावे. बाहेर ऊन तापलेले असताना आतला गारवा अंगाला जाणवतो आणि पाण्याची जागा इतकी बंदिस्त का बांधली असेल, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात.

सर्वाधिक वेळ अंबारखान्यासाठी राखून ठेवावा. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली ही दगडी धान्यकोठारे आजही उभी आहेत. बाहेरच्या जिन्याने वर जाऊन छतातल्या झरोक्यांतून धान्य आत ओतायचे, अशी त्यांची रचना आहे. गंगा कोठीत आत उभे राहून मुलांना वर पाहायला सांगावे. जाड भिंती, कमानींचे छत आणि झरोक्यांतून पडणारे उजेडाचे कवडसे पाहिले की ही जागा माणसांच्या राहण्यासाठी नसून साठवणीसाठी बांधली आहे, हे त्यांच्या लक्षात येते. मग १६६० ची हकीकत सांगावी. त्या वर्षी मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि शिवाजी महाराज गडावर अडकले होते. चार महिने रसद तुटलेल्या गडावर इतकी माणसे काय खात असतील, याचे उत्तर त्या कोठीतच आहे. जुलैमधल्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले आणि बाजीप्रभू देशपांड्यांनी खिंड लढवली, ही कथा मुलांना बहुधा ठाऊक असते. तिच्या आधीचे हे चार महिने मात्र क्वचितच कोणी सांगते, आणि मला ते सांगणे फार महत्त्वाचे वाटते.

दुसरा दिवस गडाच्या आसपासच्या एखाद्या शेतावर घालवावा. या सुमारास त्या भागात उन्हाळी भुईमुगाची काढणी चालू असते. शेतमालकाच्या परवानगीने मुलांना दोन-चार वेल उपटू द्यावेत. शेंगा मातीखाली लागतात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि मुठीत धरलेल्या वेलीला मातीसकट लोंबणाऱ्या ओल्या शेंगा स्वतः झटकणे वेगळे. महिन्याच्या अखेरीस गेलात तर भाताची धूळवाफ पेरणीही दिसू शकेल. पाऊस पडण्यापूर्वीच कोरड्या मातीत कुरीने बी पेरायचे आणि मग आभाळाकडे डोळे लावून बसायचे, ही पद्धत कोल्हापूरच्या पश्चिम भागात आजही टिकून आहे.

एक खबरदारी घ्यावी. मे महिन्यात कोल्हापूर परिसरात दुपारनंतर वळवाचा पाऊस विजांच्या कडकडाटासह येतो. त्यामुळे गड सकाळी साडेसहा ते दहा या वेळेत पाहावा आणि आभाळ भरून आले की तटावर, बुरुजावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही मुंबईहून एका कृषी पर्यटन केंद्रावर गेलो होतो. तेथे पोहण्याचा तलाव होता, मोठ्या आवाजात गाणी होती, जेवणही चांगले होते. पण दोन दिवसांत मुलांना शेतीचे एकही काम पाहायला मिळाले नाही. खरे शेत कसे ओळखावे?

उत्तर : आरक्षणापूर्वी दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारावा: "आम्ही येऊ त्या आठवड्यात तुमच्या शेतात कोणते काम चालू असेल?" खरा शेतकरी या प्रश्नाने खुलतो आणि नांगरट, शेणखत, तोडणी, पाण्याची पाळी असे सविस्तर सांगू लागतो. उत्तरादाखल तलाव आणि जेवणाच्या पदार्थांचीच यादी मिळाली, तर ते ठिकाण आपल्यासाठी नाही असे समजावे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले असून केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. तेव्हा नोंदणी आहे का, हेही विचारावे. नोंदणीमुळे शेतातल्या कामाची हमी मिळत नाही, पण व्यवस्था जबाबदार हातांत असल्याची थोडी खात्री होते.

आपल्या अपेक्षाही ऋतूला धरून असाव्यात. हुरडा थंडीतला, द्राक्षे उन्हाळा चढेपर्यंतची आणि गुऱ्हाळेही मे महिन्यापर्यंत बहुधा थंडावलेली असतात. मे महिना खऱ्या अर्थाने कोकणाचा आहे. देवगड परिसरातल्या एखाद्या आंबा बागायतदाराकडे मुक्काम केलात तर झेल्याने आंबे उतरवताना पाहता येतील. लांब काठीच्या टोकाला जाळी आणि पाते लावलेले हे साधन पारखी माणसाच्या हातात असले की आंबा देठासह अलगद जाळीत उतरतो. देठ मोडला तर चीक फळावर ओघळून डाग पडतो, म्हणून देठाची इतकी काळजी घेतली जाते. तो चीक त्वचेलाही भाजतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. त्यानंतर भाताच्या पेंढ्यात अढी कशी लावतात तेही दाखवायला सांगावे.

त्याच दिवसांत घरोघरी आमसुले करण्याची लगबग असते. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून बिया आणि गर वेगळा काढतात, साली त्या रसात भिजवून उन्हात घालतात आणि वाळल्या की पुन्हा रसात भिजवतात. असे अनेकदा केल्यावर साल काळपट आणि लवचिक होते. बियाही वाया जात नाहीत, त्यांपासून कोकमतेल निघते. मुलांचे हात लाल होतात आणि कपड्यांवर डाग पडतात, म्हणून जुने कपडे सोबत न्यावेत.

देवगडहून विजयदुर्ग एका सकाळीत पाहून होतो. वाघोटन खाडीच्या मुखावरचा हा किल्ला तिहेरी तटबंदीचा असून त्यासाठी होडीची गरज नाही, गावातून चालतच आत जाता येते. मराठ्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे १७५६ मध्ये आंग्र्यांच्या हातून गेले. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन आपल्याच आरमाराचा कणा मोडला, हा भाग मुलांपासून लपवू नये, कारण थोड्या मोठ्या मुलांना तो समजतो आणि ती त्यावर मनापासून वाद घालतात.

प्रश्न : जूनच्या पहिल्या आठवड्यात मालवणला गेल्यास सिंधुदुर्ग पाहता येईल का?

उत्तर : नाही. पावसाळ्यासाठी प्रवासी होड्या मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात, म्हणून मेच्या मध्यापर्यंतच जावे. होडीत मुलांना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसवू नये. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या किल्ल्यात चारही बाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या आधी दाखवाव्यात, तट नंतर पाहावा.

प्रश्न : नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. आम्ही विदर्भातल्या पालकांनी काय करावे?

उत्तर : सपाटीवरचे किल्ले हिवाळ्यासाठी राखून ठेवावेत. मुलांना अशा उन्हात नेणे धोक्याचे आहे, त्यात धाडस काही नाही. चिखलदरा मात्र साधारण १,१०० मीटर उंचीवर असल्याने तेथे सकाळ-संध्याकाळ सुसह्य असते. जवळच मेळघाटच्या जंगलात गाविलगड आहे. त्याच्या दरवाजावरचे गंडभेरुंडाचे, म्हणजे दोन तोंडांच्या काल्पनिक पक्ष्याचे, शिल्प मुलांना शोधायला लावावे आणि १८०३ च्या डिसेंबरमध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड घेतला, हेही सांगावे. चिखलदऱ्यात कॉफीची लागवड आहे. कॉफीचे झाड आपल्या विदर्भात वाढलेले पाहून मुलांना नवल वाटते. जंगलाचा भाग असल्याने प्रवेशाच्या वेळा आदल्या दिवशीच विचाराव्यात आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. नातवंडांना लढायांच्या कथा आवडतात, पण गडावर गेल्यावर ती पाच मिनिटांत कंटाळतात. काय सांगावे?

उत्तर : त्यांना शिवाजी महाराजांचे १६७३ मधले पत्र सांगावे. चिपळूणजवळ तळ देऊन असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. त्याचा आशय असा की, पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण आताच बेफिकिरीने उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, भाजी ओरबाडाल आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे असे लोकांना वाटेल. त्याच पत्रात रात्री दिवा पेटता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, अशी ताकीदही आहे. राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो, हे ऐकून मुले थक्क होतात. गडावर गेल्यावर घोडी कुठे बांधत असतील, गवत कुठे रचत असतील आणि पाणी कुठून आणत असतील, हे शोधण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आणि अंबारखाना आहे, तेथे हा शोध विशेष रंगतो. मात्र शिवनेरी चढावा लागतो, त्यामुळे उजाडताच निघावे आणि प्रत्येकाजवळ स्वतःची पाण्याची बाटली असावी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांची उन्हाळी सुट्टी जुलैमध्ये असते, तेव्हा आम्ही पुण्याला येऊ. किल्ले पाहता येतील का?

उत्तर : आपल्या मुलांचा उन्हाळा हा येथला भर पावसाळा असतो, त्यामुळे निसरड्या गडवाटा लहान मुलांसाठी टाळाव्यात. त्याऐवजी वेरूळला जावे. कैलास लेणे वरून खाली कोरत आणले आहे, हे मुलांना तेथे उभे राहूनच नीट उमगते. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, हे ध्यानात ठेवून दिवस आखावेत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

शेतासाठी मात्र आपली वेळ उत्तम आहे, कारण मावळात आणि कोकणात तेव्हा भातलावणी चालू असते. मुलांना चिखलात उतरून रोपे लावू द्यावीत, पण पायाला जखम किंवा खरचटलेले असल्यास उतरवू नये, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. बाहेर आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास, मग ते अमेरिकेत परतल्यावर का असेना, डॉक्टरांना भातशेतीत उतरल्याचे आवर्जून सांगावे.