सुई डब्यात पडेपर्यंत

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं तुझं वॉर्ड पोस्टिंग सुरू होतंय, म्हणून तुझी ट्यूटर या नात्याने हे लिहितेय. इंजेक्शन कसं द्यायचं ते तुला पाठ आहे, डमीवर दिलंही आहेस, ते पुन्हा सांगत बसत नाही. वॉर्डात घात होतो तो बहुतेक वेळा इंजेक्शन देताना नव्हे, देऊन झाल्यावर. सुई दंडातून बाहेर आलेली असते, ‘झालं एकदाचं’ असं मनाने धरलेलं असतं, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी ‘सिस्टर, सलाईन संपलं’ म्हणून हाक मारतं. तू वळतेस, आणि उघडी सुई तुझ्याबरोबर वळते.

म्हणून इंजेक्शनला निघतानाच ट्रॉलीवर हब कटर, म्हणजे वापरलेली सुई कापायचं यंत्र, आणि सुया टाकायचा पांढरा डबा घे. डबा वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला असला की सुई हातात घेऊन तेवढं अंतर चालावं लागतं, आणि वाटेत नातेवाईक, डबेवाले, धावणारी पोरं सगळं असतं. सुई बाहेर काढली की तिला टोपण लावायचं नाही. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हाताच्या चिमटीत ते एवढंसं टोपण, नेम चुकला की सुई थेट बोटात. अगदीच लावावं लागलं तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेव, दुसरा हात पाठीमागे ने, आणि एकाच हाताने सुई टोपणात सरकवून मग ते उभं करून बसव. एरवी सरळ हब कटर. सुई भोकात हबपर्यंत, म्हणजे ती सिरिंजला जोडते त्या बुडापर्यंत, आत जाऊ दे, नुसतं टोक नको, आणि मग कळ दाब. टोक तेवढं आत घातलंस तर सुईचा अर्धा तुकडा सिरिंजला तसाच राहतो आणि तो पुढे लाल पिशवी फाडून बाहेर येतो. सुई डब्यात पडली, सिरिंज लाल पिशवीत गेली, हातमोजे उतरले, हात धुतले. इंजेक्शन संपलं ते इथे.

डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. वर आलेल्या सुया बोटाने दाबून जागा करणारे तुला दिसतील. अनुभवी असतील, तरी त्यांचं बघून शिकू नकोस. आणि सुई कधीही गादीवर, उशीखाली किंवा किडनी ट्रेमधल्या बोळ्यांच्या खाली ठेवायची नाही. ती तुला टोचत नाही. चादर गोळा करणाऱ्या मावशींना टोचते, आणि कोणत्या रुग्णाची होती हे मग कोणालाच सांगता येत नाही.

टोचलीच तर? वाहत्या पाण्याखाली साबणाने धू. जखम पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. पिळल्याने विषाणू बाहेर येत नाही, पेशी मात्र चिरडतात. रक्त डोळ्यात उडालं असेल तर डोळा पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवायचा. त्यानंतर लगेच इनचार्ज सिस्टरना सांग आणि कॅज्युअल्टीत जा. रजिस्टरमध्ये नोंद, तुझं रक्त, रुग्णाचं रक्त, आणि डॉक्टरांनी ठरवलं तर पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायच्या, गोळ्या. पहिली गोळी जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत. ७२ तास उलटून गेल्यावर ती सुरू करत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा, मधे एकही दिवस न चुकवता. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, म्हणजे घाबरून रडत बसण्याइतकी नाही. खरी भीती हेपॅटायटिस बीची. लस न घेतलेल्या माणसाला तिथे ६ ते ३० टक्के धोका आहे. लसीचे तीन डोस असतात, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांत अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्यायचं, ते १० किंवा जास्त हवं. पहिला डोस घेऊन बाकीचे विसरलेल्या मुली दरवर्षी प्रत्येक बॅचमध्ये असतात. तू त्यांतली असशील तर रविवारच्या आत सांग.

ओरडा बसेल म्हणून टोचलेलं लपवू नकोस. बसलाच तर पाच मिनिटं बसेल.

हात धुणं तुला येतं असं तुला वाटतं. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३०, तेही तळहातभर घेऊन पूर्ण सुकेपर्यंत. राहून जातात ते अंगठे आणि बोटांची टोकं, म्हणजे ज्यांनी आपण सगळ्याला हात लावतो तेच. हात दिसायला खराब झाले असतील किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर हँडरब चालत नाही, साबण-पाणीच. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही, कारण मोज्यांना न दिसणारी भोकं असतात आणि उतरवताना मनगटाला लागतंच. मोजे घातलेल्या हाताने फोन उचलणं, पेन खिशात ठेवणं, पडदा सारणं, हे सगळे करतात. तू करू नकोस. रुग्णाला हात लावण्याआधी जितकं महत्त्व तितकंच त्याच्या खाटेला, लॉकरला, सलाईन स्टँडला हात लावून निघताना. हे शेवटचं कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण रुग्णाला तर शिवलेलंच नसतं.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांनुसार आहेत आणि भिंतीवर तक्ता लावलेला असतो. रक्ताचा बोळा, ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनची नळी, कॅथेटर, मोजे लाल पिशवीत, रिकामी व्हायल (औषधाची काचेची बाटली) आणि फुटलेलं ऍम्प्यूल (मान मोडून उघडायची काचेची कुपी) निळ्या खोक्यात. गोंधळ होतो तो सलाईन सेटशी. नळी लाल पिशवीत जाते, पण तिच्या टोकाची सुई आधी कापून पांढऱ्या डब्यात. रक्त सांडलं तर त्यावर पोछा फिरवायचा नाही, त्याने ते वॉर्डभर पसरतं. वर टिश्यू किंवा जुनं कापड टाक, १ टक्का हायपोक्लोराइट ओत, किमान दहा मिनिटं थांब, मग उचल. बाटली ५ टक्क्यांची असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी. सकाळी केलेलंच वापरायचं, कालचं नाही, त्यातला क्लोरीन उडून जातो.

आता औषधं. पहिल्या वर्षाला तू एकटीने काहीही देणार नाहीस, सिस्टर शेजारी असतील. पण डोळे तुझेही आहेत. इन्सुलिनपाशी थांबून बघ. आपल्याकडे व्हायल बहुतेक एका मिलीत ४० युनिटची असते, १०० युनिटचीही असते, आणि सिरिंजही दोन्ही मिळतात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. समज डॉक्टरांनी १० युनिट लिहिलेत. ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपणाची सिरिंज घेऊन १० च्या खुणेपर्यंत ओढलंस, तर आत आलं ०.१ मिली, म्हणजे फक्त ४ युनिट. उलट १०० ची व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज घेतलीस तर त्याच १० च्या खुणेला ०.२५ मिली येतं, म्हणजे २५ युनिट. पहिल्या चुकीत साखर उतरत नाही आणि सगळे डोस वाढवत बसतात. दुसऱ्या चुकीत रुग्ण पहाटे घामाने थबथबून बेशुद्ध सापडतो. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाच. लाज वाटली तरी वाच.

पोटॅशियम क्लोराइडचं ऍम्प्यूल दिसायला साध्या पाण्याच्या ऍम्प्यूलसारखंच. दहा मिलीत २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ते पातळ न करता सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. त्याची जागा कपाटात वेगळी हवी. तुला ते ट्रेमध्ये इतर ऍम्प्यूलमध्ये मिसळलेलं दिसलं तर उचलून सिस्टरच्या हातात दे. आणि ऍम्प्यूल फोडताना मानेभोवती गॉज धर, आपल्यापासून लांबच्या दिशेला मोड. काचेने बोट कापून घेण्याचं प्रमाण मुली मानतात त्यापेक्षा बरंच जास्त आहे.

रुग्णाची ओळख खाटेच्या नंबरावरून करायची नाही. दुपारी खाट बदललेली असते आणि केस पेपर जुन्याच खाटेला लटकलेला असतो. ‘तुम्ही शिंदे आजोबा ना?’ असं विचारलंस तर ऐकू कमी येणारे आजोबा कशालाही ‘हो’ म्हणतात. ‘आजोबा, तुमचं पूर्ण नाव काय?’ असं विचार आणि आयपीडी नंबर, म्हणजे भरती झाल्याचा नंबर, ताडून बघ. रक्ताच्या ट्यूबवर नाव लिहायचं ते रक्त घेतल्यावर, तिथेच, खाटेशेजारी उभं राहून. आधीच लिहून नेलेल्या चार ट्यूब खिशात असल्या की एक चुकतेच, आणि काउंटरवर जाऊन लिहिलं तरी तेच. ट्यूबचा क्रमही पाळ. आधी निळं टोपण, मग लाल, शेवटी जांभळं. निळी खुणेपर्यंतच भरायची, कमी-जास्त झाली की रक्त गोठण्याचा रिपोर्ट चुकतो. जांभळ्या ट्यूबमधलं लाल ट्यूबमध्ये ओतून ‘भरपाई’ करायची नाही. जांभळीतल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं आणि तो कॅल्शियम पकडून ठेवतो. रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं, कॅल्शियम पडलेलं दिसतं आणि रुग्णाला नसलेल्या आजारावर धावपळ होते.

तक्त्यावर जे मोजलंस तेच लिही. सगळ्या वॉर्डात सगळ्यांचं श्वसन २०, असे तक्ते मुबलक आहेत. श्वास पूर्ण एक मिनिट मोज, आणि नाडीवरून हात न काढता मोज, म्हणजे रुग्णाला कळत नाही आणि तो मुद्दाम श्वास घेत नाही. बिघडणाऱ्या रुग्णात बऱ्याचदा बीपीच्या आधी हाच आकडा हलतो, आणि नेमका हाच कोणी मोजत नाही. चूक लिहिलं गेलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला बरोबर आकडा, वेळ आणि सही. व्हाइटनर नाही, पान फाडणं तर नाहीच.

जे वॉर्डात कळतं ते वॉर्डात राहतं. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, एसटीत शेजारी कोण बसलंय ते तुला ठाऊक नसतं. जखमेचा, एक्स-रेचा, केस पेपरचा फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचा नाही, नाव झाकलं तरी नाही. २०१७ च्या कायद्याने एखाद्याच्या एचआयव्हीबद्दल बाहेर बोलायला मनाई आहे, त्यामुळे खाटेवर लाल अक्षरात काही लिहिलेलं दिसलं तर ते योग्य नाही हे ओळख. सगळ्याच रुग्णांच्या बाबतीत सारखीच काळजी घेतली की अशी पाटी लागतच नाही. सोनोग्राफीत काय दिसलं, मुलगा की मुलगी, असं कोणी विचारलं तर उत्तर नाही, खूणही नाही. नातेवाईक ‘सिस्टर, वाचतील ना हो?’ म्हणून विचारणारच. ‘मी विद्यार्थिनी आहे, डॉक्टरांना बोलावते’ एवढं म्हण, आणि खरंच बोलाव. स्पंजिंग असो की कॅथेटर, आधी पडदा, मग सांगणं, मग हात.

जमाव चिडून आला तर वाद घालायचा नाही, दार पाठीशी ठेवून उभी राहा, सिक्युरिटीला हाक मार आणि बाजूला हो. आरोग्यसेवकांवर हल्ला झाला तर २०१० चा राज्याचा कायदा आहे, पण तो नंतर कामाला येतो. नाईट ड्युटीला लॅबमध्ये, तळघरात, कपडे बदलायच्या खोलीत एकटी जाऊ नकोस. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात १९७३ साली परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्या ड्युटी संपवून कपडेच बदलायला गेल्या होत्या. कोणी वरिष्ठ माणूस विनाकारण थांबवून घेत असेल, तर मला सांग. तोंडी सांगून भागलं नाही तर लेखी.

पोट रिकामं ठेवून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जाऊ नकोस. गरगरलं तर निर्जंतुक टेबलापासून मागे सरक आणि सरळ जमिनीवर बस. पडलीस तर डोकं फुटेल आणि ट्रॉलीही जाईल.

पहिल्या दिवशी साडेसातला पोच, आठला राऊंड आहे. नखं कापलेली, केस बांधलेले, अंगठी-बांगड्या घरी, बंद बूट. वॉर्डात शिरलीस की अग्निशामक, ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह, क्रॅश ट्रॉली (आणीबाणीच्या औषधांची) आणि बाहेर पडायचा दुसरा जिना, एवढ्या जागा बघून ठेव. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली, तेव्हापासून हे मी प्रत्येक बॅचला पहिल्या तासाला बघायला लावते. दुसऱ्या जिन्यासमोर जुन्या खाटा रचलेल्या दिसल्या तर तसं लिहून माझ्याकडे दे. व्हॉल्व्ह मात्र स्वतः बंद करायचा नाही, कोणाचं तरी व्हेंटिलेटर त्यावर चालू असतं. ते इनचार्ज सिस्टर ठरवतील.

पांढरा डबा भरल्यावर कुठे जातो, पिशव्या किती वाजता उचलतात, चावी कोणाकडे असते, हे मावशींना विचार. लसीचं कार्ड आण.

तुझी,
ट्यूटर मॅडम